पुरोहिताचा रकाना

वालीव म्हटले की वसईबाहेरच्या माणसाला काहीच आठवत नाही आणि वसईतल्या माणसाला गाळे आठवतात. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून अहमदाबाद महामार्गाच्या दिशेने निघाले की गोखिवरे, सातिवली, वालीव हा जो पट्टा लागतो त्यात पत्र्याच्या छपरांचे लहानमोठे कारखाने एकाला एक लागून उभे आहेत. पाळी सुटली की रस्ता माणसांनी आणि टेम्पोंनी भरून जातो. या पट्ट्याच्या पाठीशी तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली तो अभयारण्य झाला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०१४ साली पालघर जिल्हा. एवढ्या सगळ्या घडामोडींत डोंगर आणि गाळे यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वारल्यांचे पाडे मात्र होते तिथेच राहिले. त्यांच्याभोवतीची भातखाचरे तेवढी गेली.

गेल्या दहा-बारा वर्षांत या पाड्यांवरच्या पाच लग्नांना मी गेलो. कारखान्यात बरोबर काम केलेल्या माणसांच्या घरची ही लग्ने, त्यामुळे बोलावणे साधे, घरगुती. तरी पाचांपैकी चार ठिकाणी मला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवले गेले. आपल्या नसलेल्या समाजाच्या लग्नात मानाचा पाहुणा म्हणून बसणारा माणूस नेमका काय पाहतो आणि त्याच्या तिथे असण्याला त्या लग्नात काय अर्थ असतो, या प्रश्नाने मला वाचायला लावले. त्या वाचनाचे आणि पाहण्याचे हे टिपण आहे.

पहिली गोष्ट अशी, की त्या खुर्चीवरून लग्न दिसतच नाही. मांडवात दिसतो तो समारंभ: कापडी छत, स्पीकरच्या उंच भिंती, वधूवरांसाठी भाड्याने आणलेला सोफा, निवेदकाच्या हातातला माइक. पाहुण्यांची नावे पुकारली जातात. माजी नगरसेवक, कंत्राटदार, कुठल्या तरी पक्षाचे विभागप्रमुख आणि त्यांच्या मागोमाग माझ्यासारखा एखादा. शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी. लग्न मात्र आत, घराच्या अंधाऱ्या मधल्या खोलीत, भिंतीवर लिहिलेल्या चौकाजवळ चाललेले असते आणि ते लावणारी बाई जमिनीवर बसलेली असते. तिला धवलेरी म्हणतात.

वारली लग्नात ब्राह्मण नसतो. हे वाक्य अनेकांनी लिहिले आहे, पण ते नकारार्थी असल्यामुळे अपुरे आहे. ब्राह्मण नसतो म्हणजे पुरोहित नसतो असे नव्हे. पुरोहित असते, आणि ती स्त्री असते. धवलेरी गाऊन लग्न लावते. देवांना बोलावणे, हळद, चौक, वधूवरांना एकत्र आणणे, या प्रत्येक टप्प्याला तिचे गाणे आहे, आणि गाणे झाल्याशिवाय तो टप्पा झाला असे धरत नाहीत. मी ऐकलेल्या गाण्यांत एका गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. ती कशाचीही सुरुवात सांगतात. हळद कुठून आली, तांदूळ कुणी कांडले, मांडवाचा मेढा कुठल्या रानातून तोडला. एका पाड्यावर मी शेजारच्या म्हाताऱ्याला याचे कारण विचारले. वस्तू कुठून आली ते सांगितल्याशिवाय ती देवापुढे कशी ठेवायची, असा त्याने मलाच उलट प्रश्न केला.

चौक विवाहित स्त्रिया, सवाशिणी लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’. वारली बोलण्यात क्रियापद तेच आहे. शेणाने सारवून गेरूने लाल केलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढेच साहित्य. चौकोनाच्या कडांना एकात एक नक्षीच्या पट्ट्या आणि मधोमध पालघाट ही देवी. तिच्याभोवती फणी, शिडी, सूर्य, चंद्र, झाडे, घोड्यावरचे नवरानवरी. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव. पालघाट ही उगवण्याची, भरून वाहण्याची देवी. तिच्यासमोर लागले नाही तर ते लग्न नव्हे.

हाच चौक पुढे जगाने ‘वारली पेंटिंग’ म्हणून ओळखला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले. जिव्या सोमा मशे यांनी लग्नाशिवाय, स्वतःच्या इच्छेने चित्रे काढायला सुरुवात केली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मशे यांची थोरवी वादातीत आहे. पण आज ड्रॉइंगरूमच्या भिंतीवर, कपबशीवर आणि ओढणीवर जे दिसते त्यात बहुधा तारपानृत्याचे वेटोळे असते, पालघाट क्वचितच. परिणाम असा, की बाहेरून येणारा पाहुणा लग्नात तारपा शोधतो. तारपा हे नव्या भाताच्या दिवसांतले, पावसाळा सरतानाचे वाद्य. लग्ने होतात पिके घरात आल्यावर, उन्हाळ्यात. मानाच्या पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम तारपावाला बोलावलेले एक लग्न मी पाहिले आहे. पाहुणे खूष झाले. म्हातारी माणसे गप्प बसून होती.

आता ‘धवलेरी’ या शब्दाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. धवलेरी म्हणजे धवले गाणारी. वारल्यांपुरता हा शब्द नाही. आगरी आणि कोळी समाजांतही लग्न लावणाऱ्या गायिकेला धवलारीण म्हणतात. वसई, भिवंडीपासून पनवेल, अलिबागपर्यंत ती आजही भेटते. आणि ज्याने शाळेत मराठी वाङ्मयाचा इतिहास थोडाफार वाचला आहे त्याला ‘धवळे’ हा शब्द कुठे भेटला ते आठवेलच. महदाइसेचे धवळे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रिद्धपूरला गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडला तेव्हा महदाइसेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गायिले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. ती बालविधवा होती. लग्नाचे गाणे रचणारी आपली पहिली ज्ञात कवयित्री विधवा असावी हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारसे उच्चारलेले नाही.

वाङ्मयेतिहासात धवळे हा एक जुना रचनाप्रकार म्हणून येतो आणि आपण पुढे ओवी, अभंगांकडे वळतो. जणू तो प्रकार तिथेच संपला. रिद्धपूर विदर्भात, वालीव समुद्राकाठी; मधे सातशे वर्षे. महदाइसेच्या रचनेतून वारल्यांचे धवले आले असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. उलटे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. लग्नात बायकांनी धवळे गाण्याची रीत समाजात सर्वदूर होती, महदाइसेने ती उचलली आणि महानुभावांच्या पोथ्यांमुळे तिची रचना टिकली. ज्यांच्याकडे पोथ्या नव्हत्या त्यांच्याकडे गाणेच टिकले. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या कानांवर हे गाणे नऊशे वर्षांपूर्वीही पडत होते.

त्या कांडण्याच्या गाण्याची दुसरी एक नोंद आपल्या वसईशी संबंधित आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक आज्ञापत्र काढले. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१च्या पुस्तकात त्याचा तपशील वाचायला मिळतो. त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लग्नात काय काय करू नये याची यादीच आहे: हिंदू वाजंत्री बोलावू नयेत, दळताना-कांडताना ‘वोवियो’ म्हणजे ओव्या गाऊ नयेत, वधूवरांना हळद-तेल लावू नये, विडे आणि फुले वाटू नयेत. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. तीन वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी ती घेतली. बंदी घालणाऱ्याने केलेली यादी ही त्या काळच्या लग्नाची सर्वांत तपशीलवार नोंद ठरावी हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. लोक हे सगळे करत होते म्हणून तर बंदी घालावी लागली. आणि बंदी घालूनही ते थांबले नाही. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणायला आजही जातात. उंबर वारल्यांच्याही लग्नात आहे. पंथ बदलला, पुरोहित बदलला, झाड तेच राहिले.

म्हणून ‘दुसऱ्या संस्कृतीतले लग्न’ हे शब्द मी जरा बिचकतच वापरतो. देशावरून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला वारली लग्न पहिल्यांदा परके वाटते ते ब्राह्मण आणि अक्षता नाहीत म्हणून. पण थोडे थांबून ऐकले तर आपल्याच भाषेच्या तळघरातला शब्द वर येतो.

परकेपण खरे आहे ते दुसऱ्या जागी, आणि तिथे हा मानाच्या पाहुण्याचा विषय अवघड होतो. एका लग्नात आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी मी उभा होतो. गाणे थांबवून धवलेरीने मला ‘शेट’ म्हणून हाक मारली आणि आत येऊन बसायला सांगितले. तिच्या दृष्टीने तो आदराचा शब्द. पण या भागात शेट हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला गेला ते कोण होते हे माहीत असले की तो ऐकताना अवघडायला होते.

वारल्यांत हुंडा नाही. नवऱ्याकडून मुलीकडच्यांना देज द्यायचे असते. शिवाय पाड्याला जेवण, ताडी, धान्य, कपडे. जमीन सावकाराकडे गेलेल्या माणसाजवळ हा पैसा कुठून येणार? तो सावकारच देई, आणि त्या बदल्यात लग्न झालेला माणूस कर्ज फिटेपर्यंत त्याच्या घरी राबे. त्याची बायकोही राबे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब सावकाराकडे, त्यामुळे कर्ज फिटत नसे आणि बापामागे मुलगा त्याच दारी उभा राही. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या १९३९च्या अहवालात लग्नासाठीचे कर्ज आणि वेठ यांचा संबंध नोंदला आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली आलेले पुस्तक तर या लग्नगड्यांच्या सुटकेचीच कहाणी आहे. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्याच वर्षी उंबरगाव, डहाणू भागात वेठीविरुद्ध वारली उठले. त्या उठावाने तिथली लग्नगड्याची पद्धत मोडली.

वसई तालुक्यात ती इतक्या लवकर मोडली नाही. वेठबिगार बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६चा. त्यानंतरही विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९मध्ये विधायक संसद आणि १९८२मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली तेव्हा याच तालुक्यात वेठबिगार सोडवण्याचे काम त्यांना करावे लागले. म्हणजे हा प्राचीन इतिहास नव्हे. माझ्या पंचविशीत, वालीवच्या आसपासच्या पाड्यांवर, लग्न हे माणसाच्या बांधले जाण्याचे कारण असल्याचे पाहिलेले लोक धडधाकट होते. आणि त्या लग्नाला ज्याचे पैसे लागत तो शेट मांडवात आला तर त्याला बसायला कुठे देत असतील, हे सांगायला नको. आजची प्लॅस्टिकची खुर्ची तीच आहे असे मी म्हणत नाही. पण मानाचा पाहुणा आणि लग्नाचा खर्च यांचे नाते पाड्याला चांगले ठाऊक आहे. खुर्ची, मांडव, स्पीकर, निवेदक हे सगळे ज्या पाहुण्यांसाठी असते त्यांनी आणलेल्या आहेरातून त्याचा खर्च निघत नाही. पूर्वी सावकार होता, आता बचतगट आहे, कारखान्यातली उचल आहे, दाराशी येऊन दर आठवड्याला हप्ता नेणारी कंपनी आहे.

खर्चावर पाड्याने स्वतःचे उत्तर फार पूर्वीच काढलेले आहे. एकमेकांना पसंत असलेले दोघे एकत्र राहू लागतात, संसार करतात, मुले होतात. लग्न जमेल तेव्हा. मुलाच्या मांडवात आईबापांनीही हळद लावून घेतल्याचे वारली, कातकरी पाड्यांवर नवल नाही. मी पाहिलेल्या पाचांपैकी एक लग्न असेच होते: नवरा पन्नाशीचा, नवरी त्याच्याहून थोडी लहान, आणि मांडवात सगळी धावपळ त्यांच्या दोन मुलांची. खुर्चीवरच्या एका पाहुण्याने यावर विनोद केला, दोघेचौघे हसले. पाड्यावरचे कुणी हसले नाही. त्यांच्या लेखी या जोडप्याचा संसार आधीही खरा होता. आता देवापुढे आणि पाड्यापुढे त्यांच्यावरचे एक देणे फिटत होते. सामूहिक विवाह लावण्यासाठी शासनाची जी योजना आहे तिचे नाव ‘कन्यादान’ आहे. जिथे मुलगी दान देत नाहीत, उलट तिच्यासाठी देज मोजतात, त्या समाजालाही त्याच नावाखाली अनुदान मिळते. नाव ठेवणाऱ्याच्या हे ध्यानात आले नसावे.

आता कागदाविषयी. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८च्या अधिनियमानुसार होते. नोंदणीच्या नमुन्यात वर, वधू आणि ३ साक्षीदारांचे तपशील असतात आणि शिवाय लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, पत्ता, वय, सही. साक्षीदार हवा असला की मानाच्या पाहुण्याची खरी आठवण होते; कागदपत्रे नीट असलेला, कामाच्या दिवशी कार्यालयात येऊ शकणारा माणूस पाड्याला सहज मिळत नाही. शालीपेक्षा हे काम मला मानाचे वाटते. मी अशी सही केली तेव्हा पुरोहिताच्या रकान्याकडे माझे प्रथम लक्ष गेले.

पाचांपैकी दोन लग्ने नोंदलेलीच नाहीत. दोन लग्नांच्या कागदांवर पुरोहित म्हणून एका भटजींचे नाव आहे, ज्यांना मांडवात कुणी पाहिले नाही. फॉर्म भरून देणारे दलाल नाव, सही, शिक्का सगळे एका रकमेत देतात. पाड्यावरच्या कुणाला यात काही वावगे वाटले नाही. कागदाला भटजी लागतो, लग्नाला धवलेरी, अशी त्यांची साधी वाटणी.

ही वाटणी निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २(२) सांगते, की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचे लग्न त्यांच्या रूढीने होते आणि वाद झाला तर ती रूढी सिद्ध करावी लागते. सिद्ध झाली नाही तर काय होते ते २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसते. ओराँव पत्नीने संथाळ पतीच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध फिर्याद केली होती. दोघेही अनुसूचित जमातीचे, म्हणून हिंदू विवाह कायदा लागू नाही. आणि दुसरे लग्न निषिद्ध ठरवणारी, कायद्याचे बळ असलेली रूढी तिने दाखवून दिलेली नाही. म्हणून फिर्याद टिकली नाही. न्यायालयात रूढी म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे बव्हंशी कागद. भटजीचे नाव लिहिलेला प्रत्येक फॉर्म सांगतो, की या पाड्यावर लग्न सप्तपदीने लागले. असे शंभर फॉर्म साठले की उद्या एखाद्या वारली बाईच्या वकिलाने ‘आमच्यात धवलेरीने गायिले की लग्न लागते’ असे सांगितले तर समोरचा वकील तेच कागद पुढे करील. त्या बाईचे पोटगीचे, वारसाचे, घराचे भांडण त्या रकान्याशी येऊन अडेल. कायदा मी पुस्तकांतून शिकलो आहे, वकिलांनी हे अधिक नेमके मांडावे. पण धोका मला दिसतो तो असा.

हे मी पाचव्या लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाला सांगितले. तो आणि मी बावीस वर्षे एका यंत्रावर. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘भाऊ, मग तिचंच नाव लिहू ना. लग्न तर तिनंच लावलं.’ मुलाने तेवढे विचारले, की चालेल का. नमुन्यात पुरोहिताची जात, लिंग, शिक्षण यांचा रकाना नाही. चालू नये असे काही कारण नव्हते. धवलेरीला हे सांगायला आम्ही तिच्या अंगणात गेलो तेव्हा तिची पहिली शंका वेगळीच होती. कागदावर अंगठा दिला की आपल्याला कुणाचे देणे लागते का, हे तिला आधी जाणून घ्यायचे होते. तिच्या बापाने दिला होता, म्हणाली. मुलाने तिला फॉर्म पूर्ण वाचून दाखवला, साक्षीदारांच्या पत्त्यांसकट. मग ती आत गेली, हात धुऊन आली आणि अंगठा न देता सही करीन म्हणाली. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. चार अक्षरांना तिने वेळ घेतला. ‘री’ची वेलांटी रकान्याच्या रेघेबाहेर गेली.

वयाच्या ओळीत तिने साठ सांगितले होते. मुलाने तिचे आधारकार्ड मागून घेतले आणि सदुसष्ट लिहिले. कार्यालयात कारकुनाने नाव वाचले, ‘या कोण?’ म्हणून विचारले. लग्न लावणाऱ्या, असे मुलाने सांगितल्यावर त्याने पान उलटले आणि साक्षीदारांची ओळखपत्रे मागितली.